समुद्राचे पाणी गोडे झाले, मग इस्रायल-पॅलेस्टाइनचे पाण्याचे भांडण का मिटले नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजलो. ठिबकच्या व्यवसायामुळे इस्रायलच्या तंत्राशी तुमचा रोजचा संबंध आहे आणि पुढच्या अभ्यास दौऱ्यात तुम्ही तिथे जाणार आहात. तुम्ही विचारता की ज्या देशाने समुद्राचे पाणी गोडे करून टंचाई जवळजवळ संपवली, त्याचे पॅलेस्टिनींशी निदान पाण्यावरचे भांडण तरी मिटायला हवे होते. ते का मिटले नाही? आणि जेरुसलेम, निर्वासित, सीमा हे अवघड विषय बाजूला ठेवून पाण्यापासून सुरुवात केली, तर शांतता येऊ शकेल का?

माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. त्यातली बरीच वर्षे पाणीवाटप आणि आवर्तनांच्या नियोजनात. निवृत्तीनंतर जॉर्डन खोऱ्यातल्या पाणीवाटपाचा अभ्यास करणाऱ्या एका गटाबरोबर काम केले, त्यामुळे जॉर्डन, वेस्ट बँक आणि इस्रायल तिन्हीकडे जाणे झाले. तेव्हा माझे उत्तर पाइप आणि व्हॉल्व्हच्या बाजूने येईल. जेरुसलेमबद्दल माझ्याहून जास्त अधिकाराने बोलणारे अनेक आहेत.

थोडक्यात सांगायचे तर भांडण पाणी कमी असल्याचे राहिलेले नाही. विहीर कोणी खोदायची, पाइप कोणी टाकायचा आणि मुख्य व्हॉल्व्ह कोणाच्या ताब्यात राहायचा, याचे ते भांडण आहे. पाणी वाढवून ते मिटत नाही. आणि पाण्यापासून शांतता सुरू होईल असे मला वाटत नाही. पण पाण्याचा प्रश्न शांततेची वाट न बघता बराचसा सोडवता येतो, आणि तो सोडवायलाच हवा, असे माझे ठाम मत आहे. आता कारणे सांगतो.

आधी भूगोल. वेस्ट बँक हा 1967 पासून इस्रायलच्या ताब्यात असलेला पॅलेस्टिनींचा डोंगराळ टापू. हेब्रॉन, रामल्ला, नाब्लुस ही गावे डोंगराच्या कण्यावर आहेत. पाऊस पडतो हिवाळ्यात, चुनखडीच्या खडकात मुरतो आणि जमिनीखालून तीन दिशांना जातो: पश्चिमेला, ईशान्येला आणि पूर्वेला. सगळ्यात मोठा साठा पश्चिमेचा. तो मुरतो मुख्यतः वेस्ट बँकेच्या डोंगरावर, पण सहज उपसता येतो खालच्या सपाटीवर, म्हणजे इस्रायलच्या हद्दीत. आपल्या भाषेत पाणलोट एकाकडे आणि लाभक्षेत्र दुसऱ्याकडे. इस्रायल म्हणतो की या सपाटीवर आमच्या शेतकऱ्यांचा उपसा 1948 च्या आधीपासून आहे. पॅलेस्टिनी म्हणतात की पाऊस आमच्या डोंगरावर पडतो. वरचा आणि खालचा यांचे हे भांडण जगात प्रत्येक खोऱ्यात आहे. नाशिक-नगर विरुद्ध जायकवाडी ज्याने जवळून पाहिले, त्याला दोन्ही बाजूंचे युक्तिवाद पाठ असतात.

आता आकडे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातल्या ओस्लो शांतता प्रक्रियेतला दुसरा करार 28 सप्टेंबर 1995 रोजी वॉशिंग्टनला झाला. त्याच्या तिसऱ्या परिशिष्टातले कलम 40 पाण्याचे. त्यात या तिन्ही साठ्यांचे मिळून वर्षाला 679 दलघमी (दशलक्ष घनमीटर) पाणी धरले आहे. म्हणजे साधारण 24 टीएमसी (अब्ज घनफूट). आपल्या खडकवासला साखळीतल्या चार धरणांची क्षमता मिळून 29 टीएमसीच्या आसपास आहे. इतक्या थोड्या पाण्यावर दोन समाज बसले आहेत. त्यातले इस्रायलचा चालू वापर 483 आणि पॅलेस्टिनींचा चालू वापर 118 दलघमी लिहिला गेला. उरलेले 78 पूर्वेच्या साठ्यातून पुढे विकसित करायचे होते. पॅलेस्टिनींची पुढची गरज 70 ते 80 दलघमी जादा, असेही त्यात मान्य केले. आणि महत्त्वाचे म्हणजे वेस्ट बँकेत पॅलेस्टिनींना पाण्याचे हक्क आहेत हे इस्रायलने मान्य केले. हक्क किती, हे मात्र अंतिम वाटाघाटींत ठरायचे होते. ती मुदत पाच वर्षांची, मे 1999 पर्यंतची.

करारावर सह्या होऊन सहा आठवडेही उलटले नव्हते, तोवर 4 नोव्हेंबर 1995 ला इस्रायलचे पंतप्रधान राबिन यांची एका इस्रायली माथेफिरूने हत्या केली. पुढच्या काही महिन्यांत हमास या पॅलेस्टिनी सशस्त्र संघटनेने बसगाड्यांत आत्मघाती स्फोट घडवले. वेस्ट बँकेतल्या इस्रायली वस्त्या वाढत राहिल्या. अंतिम वाटाघाटी 2000 साली कॅम्प डेव्हिडला फिसकटल्या आणि दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला. पाच वर्षांसाठी केलेले वाटप तीस वर्षांनंतरही तेच आहे. दरम्यान वेस्ट बँकेतली पॅलेस्टिनी लोकसंख्या दुपटीच्या जवळ गेली. पूर्वेच्या साठ्यात अपेक्षेइतके पाणी निघाले नाही, आणि जागतिक बँकेच्या 2009 च्या अहवालानुसार पॅलेस्टिनींचा उपसा वाढायच्या ऐवजी कमी झाला होता.

हे कसे घडले ते समजायला संयुक्त पाणी समिती बघावी लागते. कलम 40 नेच ती नेमली. दोन्ही बाजूंचे सदस्य सारखे, निर्णय एकमताने. वाचताना अगदी न्याय्य वाटते. पण समितीचे कार्यक्षेत्र फक्त वेस्ट बँक. त्याच साठ्यातून इस्रायल आपल्या हद्दीत किती उपसतो, हे तिच्यापुढे येतच नाही. म्हणजे पॅलेस्टिनींच्या प्रत्येक विहिरीला इस्रायलची संमती लागते, आणि इस्रायलच्या बहुतेक विहिरींना पॅलेस्टिनींची लागत नाही. समितीने होकार दिला तरी काम जर 'क' विभागात असेल, म्हणजे पूर्ण इस्रायली ताब्यातल्या, वेस्ट बँकेच्या सुमारे 60 टक्के भागात, तर इस्रायली लष्कराच्या नागरी प्रशासनाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. एखादी जलवाहिनी पॅलेस्टिनी प्रशासनाकडच्या 'अ' विभागातल्या एका गावातून 'अ' विभागातल्याच दुसऱ्या गावाला न्यायची म्हटली, तरी मधला रस्ता बहुधा 'क' विभागातूनच जातो.

इस्रायलला वस्त्यांसाठी पाइप टाकायचे, तर त्यालाही समितीची संमती लागते. पॅलेस्टिनी अधिकाऱ्यांपुढे त्यामुळे वाईट पेच उभा राहिला. आपल्या विहिरी मंजूर व्हाव्यात म्हणून वस्त्यांच्या पाइपांना होकार द्यायचा की आपलेच प्रकल्प अडकू द्यायचे? 2010 च्या सुमारास त्यांनी असा होकार देणे थांबवले आणि समितीचे काम ठप्प झाले. 2017 साली ती पुन्हा सुरू झाली, ती काही पाइपांच्या कामांना समितीच्या मंजुरीतून वगळल्यावर.

इतक्या वर्षांच्या कामातून मी एक गोष्ट शिकलो. वाटपाच्या करारात मतभेद झाल्यावर काय करायचे हे लिहिलेले नसेल, तर जे चालू आहे तेच चालू राहते. मग ज्याला चालू व्यवस्था सोयीची, त्याला बैठकीला वेळेवर येण्याचेही कारण उरत नाही. यात वाईट हेतू असायलाच हवा असे नाही. नियमच तसा बसवलेला असतो. म्हणून करार वाचताना मी टक्केवारी नंतर बघतो. आधी बघतो ते हे, की एकमत झाले नाही तर किती दिवसांत कोण निर्णय देणार, आणि दुष्काळ पडला तर कमतरता कोणी किती सोसायची. कलम 40 मध्ये पहिल्याचे उत्तर नाही.

जमिनीवर याचा अर्थ काय होतो ते एकदा जवळून पाहिले. हेब्रॉनच्या बाहेरच्या एका गावात नगरपालिकेच्या व्हॉल्व्हमनबरोबर मी सकाळभर फिरलो. त्याच्या खिशात वहीचा घड्या घातलेला कागद होता. त्यावर मोहल्ल्यांची नावे आणि पाण्याचे वार लिहिलेले. उन्हाळ्यात एका मोहल्ल्याची पाळी दोन-तीन आठवड्यांनी येते, असे तो म्हणाला. प्रत्येक घराच्या गच्चीवर काळ्या टाक्या, कुठे चार तर कुठे सहा. आपल्याकडे मराठवाड्यात आठवड्याने पाणी येणाऱ्या गावांतल्या गच्च्या अशाच दिसतात, त्यामुळे मला ते चित्र नवे नव्हते. नवे होते ते पुढचे. तो मला गावाच्या टोकाला घेऊन गेला. तिथे जाळीच्या कुंपणात मुख्य जोडणी आणि मीटर होते. या कुंपणाची किल्ली माझ्याकडे नाही, वरून दाब कमी झाला की मी फक्त वार पुढे ढकलतो, असे त्याने सांगितले. समोरच्या टेकडीवर वस्ती होती, लाल कौलांची. तिथल्या छपरांवर साठवणीच्या टाक्या नव्हत्या, कारण त्यांची गरज नव्हती.

बेत्सेलेम या इस्रायली मानवाधिकार संघटनेने 2020 सालचा जो हिशेब मांडला, त्यात वेस्ट बँकेतल्या पॅलेस्टिनींचा दरडोई रोजचा वापर सुमारे 82 लिटर आहे आणि इस्रायलींचा, वस्त्यांतल्या लोकांसह, 247 लिटर. जागतिक आरोग्य संघटना साधारण 100 लिटर धरते. नळजोडणी नसलेल्या वाड्यांवर तर सगळी भिस्त टँकरवर, आणि टँकरचे पाणी नळाच्या कितीतरी पट महाग पडते.

आता इस्रायलची बाजू, आणि ती मी तितक्याच गांभीर्याने मांडतो. तांत्रिक तक्रारी खऱ्या आहेत. वेस्ट बँकेतले बरेच सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यांतून इस्रायलमध्ये उतरते, आणि इस्रायल ते शुद्ध करून खर्च पॅलेस्टिनींच्या कराच्या रकमेतून कापून घेतो. पॅलेस्टिनी नळयोजनांतली गळती मोठी आहे. जेनीनच्या बाजूला परवानगीविना खोदलेल्या विहिरी आहेत. पण याहून खोल एक गोष्ट आहे, आणि ती मला कोणत्या कचेरीत नव्हे, तर दिमोनात कळली.

दिमोना हे नेगेव्हच्या वाळवंटातले गाव. तिथे आपल्या कोकणातून गेलेल्या बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू कुटुंबांची जुनी वस्ती आहे. एका घरी जेवायला गेलो होतो. त्या मावशी लहानपणी अलिबागकडून गेलेल्या, मराठी अजून आगरी वळणाची. घरातली काँक्रीटची सुरक्षित खोली त्यांनी दाखवली: पोलादी झडप, भिंतीला लावून ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या, नातवंडांची खेळणी. मी विचारले की तुमच्याकडे आता इतके पाणी आहे, तर शेजाऱ्यांना त्यांचे त्यांना काढू द्यायला काय हरकत? त्या म्हणाल्या, "पाणी द्यायला कोण नाही म्हणतंय रे? पण एकदा किल्ली दिली, की ती कोणाच्या हातात जाईल ते कोण सांगणार?" इंतिफादाच्या काळात त्यांच्या ओळखीतली माणसे बसस्फोटात गेली होती. त्या भीतीला खोटे म्हणणे मला जमले नाही, आजही जमत नाही. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासने सुमारे 1,200 माणसे मारली आणि 251 जणांना पळवून नेले, त्यानंतर ही भीती किती घट्ट झाली असेल याची कल्पना करा. पण त्याच किल्लीसाठी तो व्हॉल्व्हमनही थांबला आहे, हेही विसरून चालणार नाही.

मग समुद्राच्या पाण्याने काय बदलले? बरेच बदलले. अश्केलॉनचा प्रकल्प 2005 साली सुरू झाला, हदेरा 2009 च्या सुमारास, सोरेक 2013 साली. 1964 मध्ये पूर्ण झालेली राष्ट्रीय जलवाहिनी किन्नेरेत सरोवरातून पाणी उचलून दक्षिणेला नेत असे. आता गोडे केलेले समुद्राचे पाणी त्याच सरोवरात सोडण्यासाठी उलटी वाहिनी बांधली आहे. सांडपाण्याचा 85 टक्क्यांहून जास्त भाग शेतीला परत जातो. हे काम मोठे आहे आणि मी त्याचा आदर करतो.

यामुळे इस्रायल पाणी विकायला तयार झाला. 2017 च्या एका समझोत्यात वर्षाला 32 दलघमी पाणी पॅलेस्टिनींना विकायचे ठरले, 22 वेस्ट बँकेला आणि 10 गाझाला. इस्रायलचे म्हणणे असे की हक्काचा वाद सोडा, लागेल तेवढे पाणी घ्या. पॅलेस्टिनींचे म्हणणे असे की आमच्या डोंगराखालचे पाणी आम्ही विकत का घ्यावे? बाहेरच्या माणसाला दुसरे म्हणणे हट्टाचे वाटते. नियोजनाच्या टेबलावर बसलेल्याला ते तसे वाटत नाही. नळयोजना पंचवीस-तीस वर्षांसाठी आखतात. दुसऱ्याच्या मर्जीवर मिळणाऱ्या पाण्यावर कोणी कर्ज देत नाही, कारखाना येत नाही, शेतकरी फळबाग लावत नाही. हक्क असला, तर वाईट वर्षात कमी मिळाले तरी हिशेब मांडता येतो.

आणि इथे एक शुद्ध तांत्रिक मुद्दा आहे, ज्याची चर्चा फार कमी होते. हेब्रॉन समुद्रसपाटीपासून 900 मीटरहून उंच आहे. एक घनमीटर पाणी तेवढ्या उंचीवर चढवायला, पंपाची कार्यक्षमता धरून, तीन युनिटांहून अधिक वीज लागते. एक घनमीटर समुद्राचे पाणी गोडे करायलाही साधारण तीन ते साडेतीन युनिटे लागतात. म्हणजे किनाऱ्यावरचे पाणी डोंगरावर विकणे म्हणजे विजेचा खर्च दुप्पट करणे. इस्रायलची किनारपट्टी आता समुद्राचे पाणी पिऊ शकते. तेव्हा डोंगरातल्या पाण्याचा मोठा वाटा डोंगरावरच्या माणसांना उपसू द्यावा आणि किनाऱ्याची ती तूट समुद्रातून भरून काढावी, हा सरळ हिशेब आहे. 1995 मध्ये तो शक्य नव्हता, आज आहे. अडते ते फक्त विहिरीच्या परवानगीवर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर इथे संपते.

दुसऱ्या प्रश्नासाठी जॉर्डनचे उदाहरण बघू, कारण ते मला सगळ्यात जास्त शिकवून गेले.

1953 मध्ये इस्रायलने जॉर्डन नदीचे पाणी वळवायला सुरुवात केली तेव्हा सीरियाशी गोळीबारापर्यंत गोष्ट गेली. अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी एरिक जॉन्स्टन यांना मध्यस्थ म्हणून पाठवले. त्यांनी दोन वर्षे खपून वाटपाचा आराखडा बनवला. 1955 मध्ये दोन्ही बाजूंच्या तंत्रज्ञांना तो पटला होता, पण अरब लीगने राजकीय मान्यता दिली नाही, कारण त्यावर सही करणे म्हणजे इस्रायलला मान्यता देणे. पुढे राष्ट्रीय जलवाहिनीविरुद्ध अरब देशांनी नदीचे उगमच वळवायचे ठरवले. इस्रायलने रणगाडे आणि विमानांच्या हल्ल्यांनी ती कामे बंद पाडली. 1964 संपताना फतह या पॅलेस्टिनी संघटनेने पहिला हल्ला आखला, तो याच जलवाहिनीवर.

पण त्याच काळात आणखी एक गोष्ट चालू होती. यार्मूक नदी जॉर्डनला मिळते त्या संगमाजवळ इस्रायल आणि जॉर्डनचे पाणी अधिकारी अधूनमधून, संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली, एका साध्या टेबलाभोवती भेटत. या भेटींना इतिहासात सहलीच्या टेबलाच्या वाटाघाटी म्हणतात. दोन्ही देश कागदोपत्री युद्धात होते. विषय काय असत? कालव्याच्या तोंडाशी साचलेली वाळू कोणी काढायची, वाळूच्या गोण्या किती रचायच्या, या आठवड्यात किती पाणी सोडायचे. मान्य न झालेला जॉन्स्टन आराखडा दोघेही न बोलता पाळत होते.

या भेटींनी शांतता आणली का? नाही. 1967 चे युद्ध झालेच. पण 26 ऑक्टोबर 1994 ला शांतता करार झाला, तेव्हा पाण्याचे परिशिष्ट लिहायला दोन्हीकडे एकमेकांचे आकडे ओळखणारी माणसे तयार होती. त्यातली एक तरतूद मला फार आवडते: हिवाळ्यात इस्रायल यार्मूकचे 20 दलघमी पाणी घेतो आणि उन्हाळ्यात तेवढेच जॉर्डन नदीतून परत देतो. जॉर्डनकडे तेव्हा यार्मूकचे पाणी साठवायला धरण नव्हते, इस्रायलकडे सरोवर होते. या करारात मात्र दुष्काळाचे कलम नव्हते. ती उणीव 1999 मध्ये समोर आली. पाऊस पडला नाही, इस्रायलने जॉर्डनचे पाणी मोठ्या प्रमाणात कमी करायचे म्हटले, अम्मानमध्ये संताप उसळला. शेवटी बोलून मार्ग निघाला. आपल्याकडे 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यात खोऱ्यातली तूट सगळ्यांनी वाटून सोसायची असे लिहावे लागले, त्यामागचा अनुभवही हाच होता.

2021 मध्ये इस्रायलने जॉर्डनला आणखी 50 दलघमी विकायचे मान्य केले. सौर वीज जॉर्डनकडून आणि पाणी इस्रायलकडून, अशी अदलाबदलीची मोठी योजनाही ठरली. गाझाचे युद्ध सुरू झाल्यावर नोव्हेंबर 2023 मध्ये जॉर्डनने त्या योजनेवर सही करायला नकार दिला. 1994 च्या करारातले पाणी मात्र वाहत राहिले. जॉर्डन सार्वभौम देश आहे, त्याचा कालवा त्याच्या ताब्यात आहे. यार्मूकवर तोही अडवणूक करू शकतो आणि इस्रायलही. दोघांच्याही हातात काही असल्यामुळे दोघांनाही बोलावे लागते. पॅलेस्टिनींच्या हातात असे काही नाही. म्हणून जॉर्डनचा नमुना वेस्ट बँकेला जसाच्या तसा लावता येत नाही.

करार युद्धाला पुरून उरतातच असेही मी म्हणणार नाही. 1960 चा सिंधू करार 1965, 1971 आणि कारगिल पाहूनही टिकला होता. त्यात त्रयस्थ तज्ज्ञाची आणि लवादाची व्यवस्थाही होती. तरी एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारताने तो स्थगित ठेवला.

गाझाबद्दल लिहिताना हात जड होतो. किनाऱ्याच्या वाळूखालचा साठा वर्षाला 55 ते 60 दलघमी उपसा सोसू शकतो. युद्धाआधीच त्याच्या तिप्पट उपसा होत होता. समुद्राचे पाणी आत शिरले, सांडपाण्याचे नायट्रेट मिसळले, आणि 95 टक्क्यांहून जास्त भूजल पिण्यालायक राहिले नाही. नाकेबंदीत पंप, पाइप, रसायने यांना लष्करी वापर होऊ शकतो म्हणून अडवले जाई. ही शंका निराधार नव्हती, पाइपांचे रॉकेट झाले आहेत. पण त्या अडवणुकीचा परिणाम सीमेवर थांबला नाही. 2016 मध्ये गाझाच्या सांडपाण्यामुळे अश्केलॉनचा गोड्या पाण्याचा प्रकल्प काही काळ बंद ठेवावा लागला.

9 ऑक्टोबर 2023 ला इस्रायलने गाझाची वीज, पाणी आणि इंधन तोडण्याचे जाहीर केले. दोन वर्षांच्या युद्धात गाझाच्या आरोग्य मंत्रालयाच्या आकड्यांनुसार 67,000 हून अधिक माणसे गेली आणि पाण्याची बहुतांश यंत्रणा मोडली. मार्च 2025 मध्ये देर अल-बलाहच्या प्रकल्पाची वीज पुन्हा तोडली, तेव्हा दिवसाला 18,000 घनमीटर पाणी देणारा तो प्रकल्प काही हजारांवर आला. आणीबाणीत माणशी 15 लिटर हे किमान मानले जाते, आणि लाखो लोकांना तेवढेही मिळत नव्हते. नागरिकांना घरात घुसून मारणे आणि ओलीस नेणे हा गुन्हा होता. वीस लाखांच्या वस्तीचे पाणी तोडणे हाही गुन्हाच. ज्याने आयुष्यभर पाणी पोचवण्याचे काम केले, त्याला यात तराजू घेऊन बसता येत नाही.

ऑक्टोबर 2025 मध्ये युद्धबंदी झाली, नोव्हेंबरमध्ये सुरक्षा परिषदेने ठराव 2803 ने अमेरिकेच्या गाझाबद्दलच्या आराखड्याला मान्यता दिली. त्याआधी सप्टेंबरमध्ये फ्रान्स, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियाने पॅलेस्टाइनला मान्यता दिली. भारताने ती 1988 मध्येच दिली होती. दुसरीकडे ऑगस्ट 2025 मध्ये जेरुसलेमच्या पूर्वेला ई-1 भागात सुमारे 3,400 घरांना इस्रायलने मंजुरी दिली, ज्यामुळे वेस्ट बँकेचा उत्तर आणि दक्षिण भाग तुटतो. पुढे काय होईल ते गाझाचा कारभार कोण बघेल, हमास शस्त्रे टाकेल का, इस्रायली सैन्य किती मागे जाईल आणि इस्रायली मतदार काय ठरवतील, यावर अवलंबून आहे. एक राष्ट्र की दोन, हे मी सांगू शकत नाही. दोन्हीपैकी काहीही झाले तरी पाण्याचे पुढचे काम बदलत नाही, म्हणून मी त्यावर जोर देतो.

गाझातल्या गोड्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या प्रकल्पांना वेगळी वीजवाहिनी हवी, जी कोणत्याही कारणाने तोडणार नाही याची हमी दोन्ही बाजूंबरोबर तिसऱ्या देशांनीही द्यावी. पंप आणि क्लोरिन यांची तपासणी जरूर करा, पण ठरलेल्या दिवसांत. वेस्ट बँकेत पाणी समितीच्या एकमताच्या जागी मुदत आणि त्रयस्थ तज्ज्ञ आणा, आणि साठ्याच्या दोन्हीकडच्या विहिरी तिच्या कक्षेत घ्या. इकोपीस या संस्थेने, जिचे संचालक इस्रायली, पॅलेस्टिनी आणि जॉर्डनचे असे तिघे आहेत, या धर्तीचा मसुदा बऱ्याच वर्षांपूर्वी मांडला आहे. पाण्याला अंतिम वाटाघाटींच्या गाठोड्यातून बाहेर काढा, हाच त्यांचाही आग्रह आहे.

हे अगदीच अशक्य नाही, याचा एक दाखला बत्तीर गावाचा. बेथलेहेमजवळ, जुन्या रेल्वेमार्गाच्या वर, पायऱ्यापायऱ्यांची शेती आहे. रोमन काळातल्या हौदातून झऱ्याचे पाणी पाटाने वाटतात. गावात आठ कुळे, प्रत्येकाला एक दिवस, म्हणून पाण्याचा आठवडा आठ दिवसांचा. हौदातल्या पाण्याची उंची खुणा केलेल्या काठीने मोजतात. धुळे-नाशिककडची फड पद्धत पाहिलेल्या माणसाला ते बघून किती आनंद होतो, ते तुम्हाला सांगायला नको. इस्रायलची सुरक्षा भिंत या शेतांतून जाणार होती. गावकरी न्यायालयात गेले, इकोपीसने याचिका केली, आणि इस्रायलच्याच निसर्ग व उद्यान प्राधिकरणाने भिंतीचा तो मार्ग नको असे सांगितले. 2014 मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हटले, जानेवारी 2015 मध्ये इस्रायलच्या उच्च न्यायालयाने भिंत थांबवली. वेस्ट बँकेचा ताबा याने सुटला नाही, पण पाट वाहता राहिला.

आता तुमच्या दौऱ्याबद्दल. हत्झेरीमचे ठिबक, सोरेकचा प्रकल्प, तेल अवीवच्या सांडपाण्यावर चालणारा शफदान, हे सगळे मन लावून बघा. शिकण्यासारखे खूप आहे. प्रवासाच्या सूचना अनुकूल असतील तर एक दिवस बेथलेहेमच्या बाजूला काढा. तिथल्या शेतकऱ्याला ठिबकची नळी कुठून घेतो हे विचारू नका, ती त्याला मिळते. विहीर खोल करायची झाली तर अर्ज कुठे करतो, आणि त्याच्या वडिलांनी कधी केला होता का, हे विचारा. इस्रायली अभियंत्यांनाही मोकळेपणाने विचारा की पश्चिम साठ्यातला त्यांचा उपसा समुद्राच्या पाण्यामुळे किती कमी करता येईल. हा प्रश्न त्यांच्या आवडीचा आहे आणि त्यांच्याकडे हिशेब तयार असतो. परत आल्यावर ते आकडे इथे लिहा, आपण एकत्र बसून बघू.